नवाचा ताळा आणि ठिपक्यांची रांगोळी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, धर्माबाद येथे, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आताच आपण ज्या मुलामुलींना टाळ्यांच्या गजरात पारितोषिके दिली, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परीक्षेत उत्तम गुण मिळविणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यामागे मुलांचे जागरण असते आणि आईबापांचा घामही असतो. तथापि सत्काराच्या सभेत केवळ गोड बोलून खाली बसावे, असे आमच्या मनास पटत नाही. मंडळाने आम्हास गणिताविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. तेव्हा शाळकरी मुलांसाठी ज्या गणिताच्या स्पर्धा होतात, त्यांविषयी दोन शब्द सांगावे आणि त्या निमित्ताने आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावी, असे योजून आम्ही उभे आहोत. गणिताचे नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये. येथे फळा नाही, खडू नाही. चार कोडी तोंडी सांगू आणि एक रांगोळी मनातल्या मनात काढू, एवढेच.

हिशेब ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. येथील मोंढ्यात मिरचीची आणि धान्याची पोती उतरू लागली की ज्यांच्या हातात वही असते, त्यांत आपल्या घरची माणसे पुष्कळ. आमच्या वडिलांच्या पिढीने निजामी अमलात उर्दू माध्यमातून शिक्षण घेतले. त्रिकोणाला ती मंडळी 'मुसल्लस' म्हणत. परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आणि अडीचकी घरी मराठीतच पाठ होत. माध्यम बदलले, राज्य बदलले, आकडा मात्र तोच राहिला.

त्या पिढीतील जुन्या मुनिमांची एक युक्ती वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दिवाळीच्या आधी खतावणी आणि रोजमेळ ताडून पाहताना दोन्ही बेरजा जुळेनाशा झाल्या, की मुनीम प्रथम फरकाला नवाने भाग देऊन पाहत. भाग निःशेष गेला तर ते म्हणत, "कोठेतरी आकडे उलटसुलट पडले आहेत." मग ५२७४ च्या जागी ५७२४ लिहिलेले सापडे. फरक ४५०, म्हणजे नऊ गुणिले पन्नास. बहुधा अर्ध्या घटकेत चूक हाती लागे.

आम्ही लहानपणी एका मुनिमांना विचारले होते, "नवानेच का? आठाने का नाही?" ते म्हणाले, "असेच असते." त्यांचा राग नव्हता, त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. वास्तविक उत्तर दोन ओळींचे आहे. दहाच्या घरातील आकडा दहापटीने मोजला जातो, एकंचा आकडा एकपटीने. दोघांची अदलाबदल केली तर एकाला नऊपट अधिक मिळते आणि दुसऱ्याची नऊपट कमी होते. म्हणून फरक नेहमी त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीच्या नऊपट येतो. घर शेकड्याचे असो की हजाराचे, शेजारच्या घराशी त्याचे नाते हेच राहते. एवढे कळले की युक्ती ही युक्ती राहत नाही, ते ज्ञान होते. आपल्या वाडवडिलांनी आपल्याला 'कसे' हे फार उत्तम शिकविले. 'का' हे विचारण्याची मुभा मुलांना देणे, हे काम आपल्याकडे राहिले आहे.

ज्या स्पर्धांविषयी बोलावयाचे आहे, त्या या 'का'च्याच परीक्षा होत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाले. भारताचा चमू तेथे प्रथम १९८९ साली गेला आणि १९९६ साली ही स्पर्धा आपल्या मुंबईतच भरली. प्रत्येक देशाचे अधिकाधिक सहा विद्यार्थी असतात. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज प्रश्न किती? केवळ तीन. सहा प्रश्नांना प्रत्येकी सात, असे एकूण बेचाळीस गुण. आपल्याकडील निवड पायरीपायरीने होते. प्रथम पात्रता परीक्षा, मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय आणि शेवटी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातर्फे चालणारे प्रशिक्षण शिबिर. २०२४ साली इंग्लंडातील बाथ येथे आपल्या मुलांनी चार सुवर्णपदके मिळविली आणि देशाचा क्रमांक चौथा लागला.

या परीक्षेत बारावीच्या पुढचे अवघड गणित लागत नाही. बीजगणित, भूमिती, मोजणीची कोडी आणि संख्यांचा सिद्धांत एवढाच तिचा प्रांत. परंतु पाठ केलेले सूत्र तेथे फारसे उपयोगी पडत नाही. एका प्रश्नाशी तास-दोन तास झुंजावे लागते आणि उत्तर सापडल्यावर ते खरे का, हे शब्दांत सिद्ध करावे लागते.

असे गणित आपल्या मातीत उगवत नाही, असे कोणास वाटत असेल तर ते खरे नव्हे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव मुलांनी लक्षात ठेवावे. १९०५ साली डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. नाशिकजवळच्या देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळामास्तर होते. विद्यापीठातील खुर्ची त्यांच्या वाट्यास आली नाही. आकड्यांचे वेड मात्र आले. त्यांनी दाखविलेली एक गंमत आता जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, केवळ चारही आकडे सारखे नसावेत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेच थांबते.

आपला मराठवाडा ज्या वर्षी मुक्त झाला, ते १९४८ घेऊ. ९८४१ उणे १४८९ म्हणजे ८३५२. आता ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. दोनच पायऱ्या! मधल्या ८३५२ ला नवाने भाग देऊन पाहा, निःशेष जातो. ६१७४ लाही जातो. जाणारच, कारण तेच आकडे जागा बदलून पुन्हा मांडले की फरक नवाच्या पटीत येतो, हे आपल्या मुनिमांनी आधीच सांगून ठेवले आहे. मोंढ्यातील ताळा आणि देवळालीच्या मास्तरांचा शोध या दोहोंच्या मुळाशी एकच नऊ आहे. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सुप्रसिद्ध सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे आपल्यापैकी अनेकांना त्यांची ओळख झाली. घरचे माणूस परक्याने दाखवावे, ही आपली जुनी खोड. असो.

आता पोत्यांचे कोडे. एका अडतीवर मिरचीची पोती आहेत. सात-सातांच्या थप्प्या लावल्या तर तीन उरतात. अकरा-अकरांच्या लावल्या तर पाच उरतात. पोती शंभरांहून अधिक आणि दीडशांहून कमी आहेत; तर ती किती? अकरांच्या थप्प्यांवर पाच म्हणजे ५, १६, २७, ३८ अशा संख्या. यांतील सातांनी भागून तीन उरणारी पहिली ३८. पुढे सात गुणिले अकरा, म्हणजे सत्याहत्तर मिळविले की दोन्ही बाक्या तशाच राहतात. म्हणून ३८ अधिक ७७, अर्थात ११५ पोती.

लहान संख्यांना हे तोंडी जमते. मोठ्या संख्यांसाठी जी रीत आहे, तिचे नाव 'कुट्टक'. मोठ्या संख्या भागत-भागत, कुटत-कुटत बारीक करावयाच्या. मिरची कांडणाऱ्या गावाला हे नाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ही रीत इ. स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीय' ग्रंथात आहे. पहिल्या भास्कराने इ. स. ६२९ मध्ये त्यावर भाष्य लिहिले आणि त्या ग्रंथाला 'आश्मकतंत्र' असे म्हटले. अश्मक हा गोदाकाठचा प्राचीन देश आणि त्याची राजधानी म्हणजे आपल्या शेजारचे बोधन, असे अनेक इतिहासकार मानतात. आर्यभटाचे अश्मक हेच किंवा कसे, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. म्हणून तो आपला गाववाला होता, असा अभिमान आम्ही मिरविणार नाही. परंतु नवव्या शतकातील महावीराचार्यांविषयी एवढे निश्चित सांगता येते, की ज्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा गौरव त्यांनी आपल्या 'गणितसारसंग्रहा'त केला आहे, त्याचे घराणे आपले मूळ लट्टलूर नगरीशी, म्हणजे लातूरशी जोडीत असे. त्या ग्रंथात काही गुणाकारांना गळ्यातील हाराची उपमा दिली आहे. १५२२०७ ला ७३ ने गुणा. ओळीने आठ एके येतात. लातूरचे नाव आज शिकवणीवर्गांसाठी सर्वतोमुखी आहे. त्या वर्गांची मेहनत आम्ही कमी लेखीत नाही. पण त्या नगरीच्या नावाशी आकड्यांचा आनंदही जोडलेला आहे, हे विसरू नये.

आता ती कबुली.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका हायस्कुलात गणित शिकवीत होतो. नववीच्या परीक्षेत निर्देशक भूमितीचा एक प्रश्न घातला. ज्याचे शिरोबिंदू (१, १), (७, ३) आणि (३, ८) आहेत, त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा. आम्ही वर्गात सूत्र शिकविले होते. आपल्याच समाजातील एका मुलाला ते आठवले नाही. त्याने काय करावे? त्रिकोणाभोवती एक आयत काढला, सहा रुंद आणि सात उंच, क्षेत्रफळ बेचाळीस. आयताच्या कोपऱ्यांत तीन काटकोन त्रिकोण उरले. त्यांची क्षेत्रफळे सहा, दहा आणि सात, बेरीज तेवीस. बेचाळिसांतून तेवीस गेले, उरले एकोणीस. उत्तर अगदी बरोबर होते. आम्ही तांबडी रेघ ओढली, बाजूस 'रीत चुकीची' असे लिहिले आणि चारांपैकी एक गुण दिला. तो वही घेऊन आला व म्हणाला, "सर, उत्तर तर तेच आहे." आम्ही म्हणालो, "पुस्तकात असे आहे काय?" तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने आम्हास कधीही प्रश्न विचारला नाही. दहावीनंतर तो दुकानात बसू लागला. शिक्षण सुटण्यास घरची परिस्थिती हेच मुख्य कारण होते, अशी आम्ही स्वतःची समजूत घालीत आलो. परंतु शिक्षण सुटण्यापूर्वी प्रश्न सुटले होते आणि ते आमच्यामुळे, हे मनाला ठाऊक होते.

गेल्या दिवाळीत आमचे त्यांच्या घरी जाणे झाले. होय, 'त्यांच्या', ते आता कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. ते या सभेत आहेत; त्यांचे नाव घेऊन त्यांना संकोचात टाकणार नाही. त्यांची कन्या नववीत आहे. दारात तिने ठिपक्यांची रांगोळी घातली होती. नमस्कार करून ती म्हणाली, "सर, चौकोनी ठिपक्यांवर तिन्ही बाजू अगदी सारख्या असलेला त्रिकोण काढायचा म्हणते, पण येत नाही. पाया आठ घरांचा धरला आणि टोक चार घरे पुढे, सात घरे वर घेतले, तर पायाचा वर्ग चौसष्ट येतो आणि बाजूचा पासष्ट. वहीवर पाया तीस घरांचा घेतला, टोक पंधरा पुढे, सव्वीस वर. तेव्हा नऊशे आणि नऊशे एक. एकाचाच फरक राहतो. तो जाईल का?"

सभाजनहो, खरे सांगतो, आम्हास काही काळ उत्तर सुचले नाही. आम्ही सूत्रे आठवू लागलो. तोच तिचे वडील खाली बसले आणि सांडलेल्या रांगोळीत बोट फिरवून त्यांनी त्रिकोणाभोवती एक आयत काढला. बोलले काहीच नाहीत. तो आयत आम्ही ओळखला.

त्या आयतातच उत्तर होते. ठिपके चौकोनी ओळींत असले आणि टोके ठिपक्यांवर असली, की आयताच्या बाजू पूर्ण घरांत येतात. कोपऱ्यांतून जे तुकडे वजा करावयाचे, तेही आयत किंवा काटकोन त्रिकोण. म्हणून मधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ नेहमी पूर्ण किंवा अर्धे येते. त्याची चौपट तर पूर्ण संख्याच. बाजूचा वर्गही पायथागोरसच्या सिद्धांताने पूर्ण संख्या. आता तिन्ही बाजू समान असतील तर क्षेत्रफळाची चौपट म्हणजे बाजूच्या वर्गाची √३ पट. म्हणजे √३ हा दोन पूर्ण संख्यांचा भागाकार ठरेल आणि तसे होणे शक्य नाही. ते असे. तसा भागाकार असता, तर एका संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या तिप्पट झाला असता. पण कोणत्याही वर्गसंख्येचे अवयव पाडले तर तीन हा अवयव जोडीजोडीने येतो. तिप्पट केली की एक तीन एकटा उरतो. जोडी आणि विषम यांचा मेळ कसा बसावा? म्हणून मुली, तुझा तो एकाचा फरक कधी जाणार नाही. घरे वाढविलीस तर त्याची मातब्बरी कमी होईल, डोळ्याला तो दिसणारही नाही. परंतु शून्य तो होणार नाही.

असा एकाचा फरक राहणाऱ्या जोड्या शोधण्याची रीत ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'वर्गप्रकृती' या नावाने सांगितली आहे. चार आणि सात, पंधरा आणि सव्वीस; पुढची जोडी छप्पन्न आणि सत्त्याण्णव. ती मुलगी कोणत्याही शिकवणीस न जाता, दारातल्या रांगोळीवरून तेथवर पोहोचली होती. आणि तिला पुढे नेणारी रीत तीच होती, जिच्यावर आम्ही तांबडी रेघ ओढली होती. ते गुण आता परत देता येत नाहीत. म्हणून या सभेसमक्ष त्या गृहस्थांची क्षमा मागतो.

केवळ क्षमा मागून भागत नाही. यास्तव मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली ही, की गुणांच्या पारितोषिकांबरोबर दरवर्षी एक पारितोषिक असे असावे, जे न शिकविलेला प्रश्न स्वतःच्या रीतीने सोडवून त्याची सिद्धता लिहिणाऱ्याला मिळेल. रीत कोणतीही असो, खरी असली म्हणजे पुरे. दुसरी ही, की महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या जागेत आठवी ते बारावीच्या मुलांना जमवावे व एकच प्रश्न द्यावा. उत्तर त्याच दिवशी सांगू नये. स्पर्धांच्या अर्जाची माहिती तेथेच द्यावी आणि त्या जागेचे दार गावातील सर्व समाजांच्या मुलांना उघडे असावे. कारण आकड्याला जात नाही. तिसरी सूचना मुलींविषयी. युरोपात २०१२ पासून मुलींचे स्वतंत्र गणित ऑलिम्पियाड भरते आणि आपल्या देशाच्या मुलीही त्यात उतरतात. दारातली रांगोळी पाहून आपण वाहवा करतो. ती काढणारीने प्रश्न विचारला तर "चल, चहा टाक" असे म्हणू नये.

या स्पर्धांत आपली सगळी मुले पदके आणतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. देशातून सहाच जातात. पण ज्या मुलाने एका प्रश्नाशी दोन तास प्रामाणिकपणे झुंज दिली, ते मूल पुढे व्यापारात पडो, शेती करो की वैद्यक शिको, कोणाचे म्हणणे ते पुराव्यावाचून मान्य करणार नाही आणि स्वतःची चूक सापडली तर लपविणार नाही. समाजाला याहून मोठी मिळकत कोणती?

गोदावरीकाठच्या बासरला आपण मुलांना नेतो. सरस्वतीसमोर तांदळात बोट धरून पहिले अक्षर गिरवितो. तेव्हा आपण त्यांचे बोट धरतो, ते योग्यच आहे. पण पुढे केव्हातरी ते बोट सोडावे लागते आणि मुलाला स्वतःची रेघ ओढू द्यावी लागते. ती रेघ आपल्याला अनोळखी वाटली, तर तांबडी शाई उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.

जाता जाता मुलांसाठी एक काम. १९४८ ला कापरेकरांच्या रीतीने दोन पायऱ्या लागल्या. आपले महाराष्ट्र राज्य ज्या वर्षी झाले, ते १९६० घरी घेऊन बसा आणि किती लागतात ते मोजा. उत्तर आम्हास सांगू नका; आईवडिलांना सांगा आणि त्यांनी "असे का?" म्हणून विचारले, तर आमचे आजचे बोलणे सार्थकी लागले, असे समजू.